हँडलकाकांचं ढिलं कुलूप

हँडलकाकांचं खरं नाव फक्त त्यांच्या लायसन्सवर होतं, आणि लायसन्स आता कपाटात कपड्यांच्या चळतीखाली पडलं होतं, त्यामुळे ते नाव कुणाच्या कानावर पडायचा प्रश्नच नव्हता. तरुणपणी बॅटरी उतरलेले ट्रक ते पुढून लोखंडी हँडल घालून एका हिसक्यात चालू करायचे. बाकीचे ड्रायव्हर हँडल मारून मारून घामाघूम व्हायचे, एकाचा तर अंगठाच मोडला होता, आणि मग कुणीतरी म्हणायचं, बोलवा रे त्या हँडलवाल्याला. केस काळे होते तोवर ते हँडलभाऊ होते, पांढरे झाल्यावर हँडलकाका झाले. आयुष्यात बढती मिळाली ती एवढीच, असं ते स्वतःच सांगायचे.

त्यांचा स्वतःचा ट्रक सव्वीस वर्षांचा होता. निळी केबिन, सहा चाकं, आणि मागच्या हौद्याला इतक्यांदा नव्या फळ्या ठोकलेल्या, की मूळची एक तरी फळी दाखवणाऱ्याला काका चहा पाजायला तयार होते. काम म्हणजे लोकांची घरं हलवायची. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, आणि शेवटी मालकिणीच्या मांडीवर बसून येणारी एखादी कुंडी. गाडी अजून ठणठणीत होती, एक कुलूप सोडून. चावी घालतात ते, डॅशबोर्डमधलं. अंगठ्याएवढी पितळी नळी ती. नळीनं आपल्या जागी घट्ट बसायचं आणि चावीबरोबर फक्त तिचं पोट फिरायचं, असा साधा व्यवहार. इथे चावी फिरवली की अख्खं कुलूपच गरगर फिरायचं, आणि जरा जोर लावला तर चावीसकट हातात यायचं. हे गेली अकरा वर्षं.

काकांची त्यावर युक्ती होती. डाव्या अंगठ्यानं कुलपाची काळी कडा दाबून धरायची, उजव्या हातानं चावी आत लोटायची, केसभर वर उचलायची आणि मग सेल मारायचा. केसभर म्हणजे नक्की किती, असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, ते केस कुणाचा त्यावर आहे. दुरुस्त का करत नाही म्हणावं तर म्हणायचे, चोर आला तर आधी माझ्याकडे शिकवणी लावावी लागेल त्याला.

मग गेल्या वर्षी एका सकाळी गाडी बाहेर काढताना त्यांनी स्वतःच्याच फाटकाचा डावा खांब उडवला. ज्या फाटकातून सव्वीस वर्षं डोळे मिटून गाडी काढली, तिथे. त्या दिवशी कळलं की मिटलेलेच बरे होते, उघडे डोळे काही कामाचे राहिले नव्हते. मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला. त्यानं बापाला एकामागून एक तीन चष्मे करून दिले, नाकावर खड्डे पडले, पण दिसायचं ते दिसेना. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला पडदाच विरलाय, काचेनं भागणार नाही, आता गाडी बंद. काका घरी आले आणि त्यांनी लायसन्स कपड्यांखाली सारलं. खांबाचा तुटका कोपरा तसाच राहिला. तो लिंपायचा विषय घरात कुणी काढत नसे.

ट्रक विकायची बोलणी सुरू झाली. मुलानं चालवायचा प्रश्न नव्हता, कारण केबिनमध्ये बसला की दहाव्या मिनिटाला तो ओकायचा, आणि वारसदारांच्या यादीतून त्याचं नाव सहाव्या वर्षीच कटलं होतं. तेव्हा सूनबाई भांडी विसळता विसळता म्हणाली, मी चालवते की. माहेरी वडिलांचा टेम्पो चालवायची ती. काकूंच्या हातातली पळी हातातच राहिली. काका मात्र उठून ट्रकची चावी घेऊन आले आणि म्हणाले, चल.

तीन महिने काका तिच्यावर ओरडले, तीन महिने ती हसली, आणि शेवटी मोठ्या गाडीचं लायसन्स हातात आलं. पोरगी डावरी, पण हात सोन्याचा. रिव्हर्स तर अशी घ्यायची, दोन भिंतींच्या मधून, दोन्ही आरशांत एक-एकदा बघून, की काकांनी मनातल्या मनात कान पकडले होते. तोंडावर अर्थात सांगितलं नाही. तोंडावर म्हणाले, बरं आहे.

फक्त कुलूप तिला जमेना. सगळं जमलं आणि नेमकं तेवढंच जमेना. ती चावी फिरवायची, कुलूप गरगर फिरायचं, ती हताश होऊन काकांकडे बघायची. मग काय करणार? काका रोज बरोबर. डाव्या बाजूच्या सीटवर बसायचं, गाडी चालू करायची वेळ आली की तिच्याकडे वाकायचं, अंगठा, चावी, केसभर वर, सेल. की गाडी चालू आणि काका पुन्हा आपल्या सीटवर, एखाद्या डॉक्टरनं ऑपरेशन उरकून हात धुवावेत तशा चेहऱ्यानं.

असे आठ महिने गेले, आणि खरं सांगायचं तर ते काकांचे सुखाचे महिने होते. दोघं एकाच डब्यातून जेवायची. काकू भाजीत मीठ कमी घालतात की जास्त, यावर त्यांचं एकमत व्हायचं, आणि ते एकमत घरी कळता कामा नये, यावरही व्हायचं. कुठल्या गल्लीत कुठल्या सालात कुणाचा पलंग जिन्यात अडकला होता ते काका सांगायचे, आणि सूनबाई गाडी चालवता चालवता विचारायची, मग पुढे काय झालं. घरात काकांना असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. काकूंना सगळे पलंग पाठ होते.

मुलानं एक दिवस जेवताना विषय काढला. म्हणाला, बाबा, तुम्हाला ताप आला, पाय मुरगळला, तर हिनं काय करायचं? कुलूप नीट करून टाका ना. सूनबाई मान खाली घालून जेवत राहिली. काका म्हणाले, उद्याच करतो, त्यात काय आहे.

आणि त्यात खरंच काही नव्हतं. कुलपाला अडवून धरणारी एक बारीक पिन असते आणि पिनेमागे एक स्प्रिंग. पिन झिजलेली, स्प्रिंग मेलेली, एवढाच काय तो रोग. नवी पिन आणि नवी स्प्रिंग काकांनी अकरा वर्षांपूर्वीच आणून ठेवली होती, फळीवरच्या पत्र्याच्या डबीत. अर्ध्या तासाचं काम. पण काकांच्या मनात पाल चुकचुकली. कुलूप घट्ट झालं की डावी सीट गेली. मग आपण ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला किती वाजले विचारत. पुढचं चित्र त्यांना त्या विरलेल्या पडद्यावरसुद्धा लख्ख दिसलं.

म्हणून काकांनी डबीला हातच लावला नाही. चहाच्या पुडीतला चंदेरी कागद घेतला, त्याची घडी करून कुलपाभोवती गुंडाळली आणि कुलूप ठोकून बसवलं. चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी पुन्हा गरगर. काका म्हणाले, जुनी गाडी, काय करणार, आणि वाकून सेल मारला. मग दुसऱ्यांदा कागद. मग तिसऱ्यांदा. ज्या माणसानं उभ्या जन्मात गाडीला परक्या माणसाचा पाना लागू दिला नाही, तो माणूस हे करत होता. रात्री त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. सकाळी सीटवर बसलं की जायची.

मग तो चढ आला. जुन्या वस्तीतला अरुंद रस्ता, दोन्हीकडे भिंती, हौद्यात लाकडी कपाटं आणि एक लोखंडी तिजोरी. निम्म्या चढावर पुढची रिक्षा थांबली, सूनबाईनं ब्रेक दाबला आणि इंजिन बंद पडलं. मागे एक रंगारी सायकलवर शिडी घेऊन येत होता. काका नेहमीसारखे वाकले, अंगठा लावला, चावी लोटली, आणि कुलूप चंदेरी कागदासकट त्यांच्या हातात आलं.

गाडी वीतभर मागे सरकली. सूनबाई दोन्ही पाय ब्रेकवर देऊन जवळजवळ उभीच राहिली. काका कुलूप परत घालायला गेले, पण भोक कुठे आहे तेच दिसेना. डॅशबोर्ड काळा, भोक काळं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नुसता धूर. ते चाचपडत राहिले. गाडी आणखी वीतभर सरकली, मागे शिडी खणकन भिंतीवर आपटली, रंगारी काहीतरी ओरडला.

"द्या इकडे," सूनबाई म्हणाली.

तिनं कुलूप त्यांच्या हातातून काढून घेतलं, एक पाय ब्रेकवर तसाच दाबून ठेवत खाली वाकली, आणि पुढच्या क्षणी गाडी चालू झाली. कशी झाली ते काकांना कळलं नाही. त्यांना एवढंच दिसलं, म्हणजे जवळ होतं म्हणून दिसलं, की चढ संपल्यावर तिनं स्टिअरिंगवरून एकेक हात काढून गुडघ्यावर पुसला. काकांना वाटलं, आपण इतके नालायक कधी झालो?

त्याच दुपारी त्यांनी बॅटरीची तार सोडवली आणि काकूंची केसातली पिन मागितली. काकूंनी पिन दिली, आणि काकांनी न मागता फळीवरची डबीही आणून मांडीवर ठेवली.

"ही पण घ्या," काकू म्हणाल्या. "मागच्या तिन्ही वेळी सापडली नव्हती ना."

काकांनी वर पाहिलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठल्या वेळी वर बघू नये, एवढं माणसाला समजतं.

कुलूप ओढलं तसं बाहेर आलं, मग बाजूच्या बारीक भोकात केसातली पिन खुपसून काकांनी झिजलेली पिन आणि मेलेली स्प्रिंग बाहेर काढली. चंदेरी कागदाच्या घड्या एकेक करून बाहेर आल्या. काकांनी त्या मुठीत चुरगळून खिशात घातल्या. कुलूप रॉकेलमध्ये बुडवलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासलं, फडक्यानं कोरडं केलं. नव्या स्प्रिंगला डोळ्यांची गरज नव्हती, बोटांना सगळं पाठ होतं. पिन बसली. काकू टॉर्चचा उजेड धरून उभ्या होत्या. आणि शेवटी कड पुसताना काकांचं बोट थबकलं.

कडेच्या डाव्या बाजूला त्यांच्या अंगठ्याची जागा होती. अकरा वर्षांत काळा रंग जाऊन तिथे पितळ उघडं पडलं होतं, थोडा खळगाही झाला होता. ते ठीक. पण उजव्या बाजूलाही तसाच एक डाग होता. खळगा नव्हता, नुसता रंग घासून गेला होता. काकांनी कुलूप नाकापर्यंत आणून पाहिलं. तिथे अंगठा दाबायचा तर तो उजवा लागणार, आणि मग चावी फिरवायला राहतो डावा हात.

"हे बघ जरा," ते म्हणाले.

काकूंनी बघायचीही तसदी घेतली नाही. "मागच्या महिन्यात तुम्ही डोळे दाखवायला गेलात, तेव्हा गाडी अंगणाच्या मध्ये उभी होती, परत आलात तर भिंतीला लागून. ती काय भुतानं हलवली?"

काकांना आठवलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्यालाच नीट दिसत नाहीये. आणि आज चढावर एका झटक्यात गाडी चालू झाली होती ती. तो काही योगायोग नव्हता. रंग असा एक-दोनदा घासून जात नाही. पोरगी कित्येक महिने त्यांच्या पाठीमागे स्वतः गाडी चालू करत होती, आणि त्यांच्यासमोर हताश चेहरा करून बसत होती.

आता तुम्ही म्हणाल, माणसानं खूश व्हावं. काका कसले खूश होतात. त्यांच्या मनाला ते लागलं. आपण कागद घालून तिला फसवतोय असं समजत होतो, आणि इकडे तीच आपल्याला पोरासारखं मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू देत होती. म्हणजे दया. म्हाताऱ्याला जरा बरं वाटू दे. त्यांनी कुलूप असं घट्ट बसवलं की आता हत्ती लावला तरी फिरणार नव्हतं, तार जोडली आणि हात धुतले.

सकाळी काकांनी फाटक उघडलं आणि बाजूला उभे राहिले. पायात घरातल्या चपला. मुद्दाम. सूनबाई डबा घेऊन आली, डबा नेहमीसारखा दोघांचा होता, आणि केबिनमध्ये चढली. चावी फिरली. कुलूप जागचं हललं नाही. सेल एकदाच लागला आणि गाडी गुरगुरायला लागली. तिनं चावीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"बाबा, चढा."

"कुलूप झालंय नीट," काका म्हणाले. "आता कुणालाही चालू होईल. तुला तर आधीपासूनच येत होतं."

सूनबाईनं इंजिन बंद केलं. अंगणात एकदम शांत झालं. तिनं विचारलं, कधी कळलं, आणि काकांनी सांगितलं, काल, कुलपाच्या कडेवर तुझ्या अंगठ्याचा डाग आहे. तिनं डबा सीटवर ठेवला. मग म्हणाली, कागद तिला पहिल्याच वेळी दिसला होता, पण ती काही बोलली नाही, आणि चढावर जे झालं त्यात चूक तिचीही होती. आधीच बोलली असती तर ती वेळ आली नसती.

"म्हाताऱ्याची दया आली म्हणून फिरवत होतीस," काका म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"दया आली असती तर घरी बसवलं असतं, पांघरूण घालून," सूनबाई म्हणाली. "आठ महिने मी काय कुलपासाठी नेत होते तुम्हाला?"

"मग कशासाठी?"

तिनं आरसा हलवला, परत होता तिथे आणला, स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसली.

"डावी बाजू दिसत नाही मला," ती शेवटी म्हणाली. "हा खांब आहे ना, ह्याचीच धास्ती वाटते. तिकडे लक्ष ठेवायला माणूस नको?"

काकांनी खांबाकडे तोंड वळवलं. तुटका कोपरा त्यांना इथून दिसत नव्हता, पण तो कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. तो त्यांनीच तोडला होता. आणि ही पोरगी, जी दोन भिंतींमधून एका दमात गाडी मागे काढते, ती त्या खांबावर लक्ष ठेवायला माणूस शोधत होती, तर तो हा, खांब न दिसणारा. इतकं धडधडीत खोटं काकांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. बोलणारीलाही ते माहीत होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला, की अहो, काय ते लवकर ठरवा, तिला उशीर होतोय.

काका चपला न बदलताच चढले. सीटवर बसून त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढून खांब असेल त्या बाजूला बघत राहिले. सूनबाईनं गाडी चालू केली.

"येऊ दे," काका म्हणाले. "येऊ दे, येऊ दे. हातभर जागा आहे."

जागा चांगली दोन हात होती. सूनबाईनं डावीकडच्या आरशात पाहिलंसुद्धा नाही. बाबा येऊ दे म्हणत होते तेवढीच ती गाडी पुढे घेत होती, आणि ते थांबले की थांबत होती.